केमोथेरपी चालू असताना योगासने, ताई ची आणि रोगप्रतिकारशक्ती

आईंना स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे, पांढऱ्या पेशी खाली आल्या आहेत आणि योगासने किंवा ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) केल्याने त्या वाढतील का, असे आपण विचारले आहे. त्या पेशी वाढवण्यासाठी या व्यायामांवर विसंबू नये. मात्र ते अवश्य करावेत, कारण त्यांचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे.

केमोची औषधे अस्थिमज्जेतील वेगाने वाढणाऱ्या पेशींवरही आघात करतात. त्यामुळे औषध दिल्यानंतर साधारणपणे ७ ते १४ दिवसांच्या सुमारास न्यूट्रोफिल (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सर्वांत खाली जातात आणि मज्जा सावरली की पुन्हा वर येतात. गरज भासल्यास डॉक्टर त्यासाठी जी-सीएसएफचे (मज्जेला या पेशी तयार करायला लावणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन देतात. व्यायामानंतर रक्तात 'नॅचरल किलर' या संरक्षक पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात हे खरे असले, तरी ती वाढ बरीचशी अॅड्रेनलिनमुळे पेशी रक्तप्रवाहात उतरल्याने होते आणि काही वेळातच ओसरते. एवढ्यावरून 'प्रतिकारशक्ती वाढली' असे म्हणणाऱ्या जाहिरातींवर कृपया विश्वास ठेवू नका.

या व्यायामांचा उपयोग दिसतो तो शरीरात धुमसत राहणाऱ्या दाहावर, आणि त्याच्याशी जोडलेल्या थकव्यावर व झोपेवर. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यात महत्त्वाचा वाटतो. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेल्या २०० स्त्रियांपैकी एका गटाला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड तास हठयोग शिकवला गेला. वर्ग संपले त्या वेळी दोन्ही गटांच्या थकव्यात ठळक फरक नव्हता. तीन महिन्यांनी मात्र योग करणाऱ्या गटात थकवा कमी होता, आणि आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांसारख्या दाहकारक प्रथिनांची निर्मितीही कमी आढळली. ज्यांनी सराव जास्त केला, त्यांच्यात बदलही जास्त होता. या स्त्रियांचे उपचार आधीच पूर्ण झाले होते, त्यामुळे तेच निष्कर्ष आईंना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये, एवढे त्यातून नक्की घेता येते.

सध्या खुर्चीत पाठ टेकून बसावे, श्वास घेताना दोन्ही हात सावकाश वर न्यावेत आणि सोडताना खाली आणावेत. शस्त्रक्रिया झाली असल्यास त्या बाजूचा हात फिजिओथेरपिस्टने सांगितला असेल तेवढाच उचलावा. दहा मिनिटे पुरेत, आणि दमायला झाले तर पाचही चालतील. कपालभाती, श्वास रोखून धरणे आणि शीर्षासन या काळात मी कोणालाच सुचवत नाही. हाडांत आजार पसरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर कंबर पिळणारी आसने आणि पडण्याची शक्यता असलेले प्रकार टाळावेत. न्यूट्रोफिल खाली असताना सामूहिक वर्गात न जाता घरीच सराव करावा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त भरला, तर व्यायाम बाजूला ठेवून रात्र असली तरी लगेच रुग्णालयाला फोन करावा. पुढच्या तपासणीला जाताना आईंचा हा दिनक्रम लिहून न्या आणि त्यातले काय चालेल ते त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारून घ्या.