नेदरलँड्सला नुकतेच आलोय. इथल्या इंडोनेशियन रेस्टॉरंटमध्ये मराठी जिभेला रुचेल असं काय मिळतं? बायको शाकाहारी आहे.

मी सात वर्षं हेगमध्ये राहतोय. नक्की जा, पण पहिल्याच खेपेला ‘राइस्टाफल’ मागवू नका.

आम्ही तेच केलं होतं. सांगलीहून आई-बाबा आले होते, म्हटलं जरा थाटात जेवू. राइस्टाफल म्हणजे शब्दशः ‘भाताचं टेबल’. खाली छोट्या मेणबत्त्या पेटवलेल्या पत्र्याच्या शेगड्या मांडतात आणि त्यांवर वाट्यांची रांग लागते. बाबांनी चौदा मोजल्या. आई म्हणाली, “एवढं सगळं आलं, पोळ्या कधी आणणार?” माणशी पस्तीस युरो गेले, पोट तुडुंब भरलं आणि कशाचीही चव धड लक्षात राहिली नाही. मुळात इंडोनेशियातल्या घरात असं कोणी रोज जेवत नाही. डच साहेबांनी तिथे राज्य करताना थाट मिरवायला बसवलेली ही पंगत. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, डचांनी ते मान्य करेपर्यंत १९४९ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात आणि पुढे बरीच वर्षं तिकडून माणसं इकडे येत राहिली, त्यातली कितीतरी हेगमध्ये स्थिरावली. म्हणून तर इथे हे जेवण गल्लीबोळात मिळतं.

तुम्ही आधी एखादा ‘टोको’ गाठा. टोको म्हणजे दुकान: एका बाजूला मसाले-नूडल्स, दुसऱ्या बाजूला काचेमागे तयार भाज्या. बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. पहिल्यांदा गाडो-गाडो घ्या. कोबी, फरसबी, मोड, टोफू, बहुतेकदा उकडलेलं अंडं आणि वर दाण्याचा दाट रस्सा. दाणे, चिंच, गूळ, मिरची! आईने एक घास घेतला, थांबली, परत घेतला. “अगं बाई, ही तर उपासाची दाण्याची आमटी. गूळ मात्र सढळ हाताने घातलाय.” त्या दिवसापासून आमच्या घरी गाडो-गाडोला ‘आमटीतली कोशिंबीर’ म्हणतात. सेरुंडेंगही जरूर घ्या. खोबऱ्याचा कीस नि दाणे मसाल्यात खमंग परतलेले असतात, वडापावच्या चटणीची गोड बहीणच. भातावर भुरभुरवून खायचं. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कुरकुरीत तळलेलं असेल तर घ्या. मऊ, ओलसर टेंपे मला अजून जमलेलं नाही.

आता बायकोसाठी महत्त्वाचं. ट्रासी नावाचा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, वास थेट कोकणातल्या सुकटीच्या बाजाराचा. तो सांबालमध्ये म्हणजे मिरचीच्या ठेच्यात पडतो, कधी साध्या फरसबीतही. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की वाढणारा मान डोलावतो, कारण त्याच्या हिशेबी मांसाचा तुकडा नाही ना! आईने अर्धी वाटी सांबाल चाटूनपुसून संपवल्यावर आम्हाला हे कळलं. तिला आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा स्पष्ट विचारा, “झोंडर ट्रासी?” म्हणजे ट्रासीविना आहे का. पांढरे फुगलेले पापड, क्रुपुक, तेही कोळंबीचेच. त्याऐवजी एंपिंग मागा. मेलिंजो नावाच्या बियांचे चपटे पापड, किंचित कडू, पण एकदा सवय लागली की हात थांबत नाही.

तुम्ही मांसाहारी असाल तर रेंडांग खायलाच हवं. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं हे मांस नारळाच्या दुधात रस आटेपर्यंत शिजवतात. पण इथे ते बहुतेक गोमांसाचंच असतं. ‘दागिंग’ दिसलं तरी तेच समजा. आयाम म्हणजे कोंबडी, इकान मासा, बाबी डुक्कर. मेनूवर अनेकदा जुनी डच वर्णाक्षरी असते: ‘टी-जे’ला च वाचा, ‘ओ-ई’ला उ. मग ‘अट्जार’ हे ‘अचार’, म्हणजे आपलं लोणचंच निघतं.

तिखट डच जिभेच्या बेताने असतं, त्यामुळे सांबाल वेगळं मागून घ्या. आणि निघताना स्पेक्कुक घ्या. लवंग-दालचिनीचा, एकेक पातळ थर भाजत केलेला केक, गोव्याच्या बेबिंकाची आठवण करून देणारा. चौदा वाट्यांवर दोन दिवस कुरकुरणाऱ्या बाबांनी परतताना त्याची अर्ध्या किलोची वडी स्वतःच्या हँडबॅगेत ठेवली होती.