निबंधावर ‘कथानक जास्त, विश्लेषण कमी’ असा शेरा आला आहे. पुनर्लेखन कसं करू?

शुद्धलेखन सुधारून, दोन अवतरणं वाढवून निबंध परत दिला तरी तोच शेरा आला, असं तुम्ही लिहिलंय. येणारच. शेरा मांडणीवर होता, तुम्ही डागडुजी भाषेची केलीत.

निबंधाची प्रिंट काढा, दोन रंगांची पेनं घ्या. कथेत काय घडतं हे सांगणाऱ्या वाक्यांखाली एक रंग. ते तसं का, कसं लिहिलंय हे सांगणाऱ्या वाक्यांखाली दुसरा. ज्या परिच्छेदात दुसरा रंग दिसतच नाही, तिथे शेरा लागू. मग समासात प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका वाक्यात लिहा. ‘मग नायिका माहेरी येते’ असं काही निघालं, तर तुम्ही नुसते कथेच्या मागे चालला आहात.

आता खरं काम. ‘लेखकाने स्त्रीच्या दुःखाचे प्रभावी चित्रण केले आहे.’ हे वाक्य कुठल्याही कथेला चिकटतं, म्हणून निरुपयोगी. समजा, कथेत आई थेट कधीच बोलत नाही. ती काय म्हणाली ते दर वेळी मुलगा सांगतो. मग लिहा: ‘आईचे बोलणे मुलाच्या निवेदनातूनच पोचते, त्यामुळे तिचे दुःख दिसते, तशीच त्याने काय गाळले असेल ही शंकाही राहते.’ याच्याशी कुणी वाद घालू शकतो, म्हणून हे विश्लेषण. अवतरण चार ओळींचं नको. नेमके पाच-सहा शब्द घ्या आणि त्या शब्दांवरच किमान दोन वाक्यं लिहा. परिच्छेद अवतरणावर संपत असेल, तर अर्थ लावायचं काम तुम्ही वाचकावर ढकललंय.

प्रस्तावना शेवटी लिहा. खरा मुद्दा बहुतेकदा समारोपात सापडतो, कारण तो लिहिता लिहिता सुचलेला असतो. तो उचलून पहिल्या परिच्छेदात आणा आणि मधला प्रत्येक परिच्छेद त्याच्याशी ताडून पाहा. न बसणारा कितीही आवडता असला तरी काढा. शुद्धलेखन यानंतर, नाहीतर जी वाक्यं कापायची त्यांचेच ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसाल.

‘साहित्यावरचा निबंध म्हणजे ज्याचं त्याचं मत, त्यात सर काय सुधारणार?’ हे फार ऐकू येतं आणि मला ते अजिबात मान्य नाही. मत तुमचंच, पण ते संहितेतल्या कुठल्या शब्दांवर उभं आहे ते कागदावर दिसायला हवं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते असतंच, त्यामुळे कागदावर नाही हे आधी दुसऱ्यालाच कळतं.

अर्थात प्रत्येक शेरा मानलाच पाहिजे असं नाही. सरांनी कथेचा अर्थ वेगळा लावला असेल, तर तुमचा बदलू नका. त्यांचा आक्षेप निबंधातच मांडा आणि त्याला उत्तर द्या. आणि शेरा नुसता ‘अस्पष्ट’ एवढाच असेल, तर ‘कसं सुधारू?’ असं विचारू नका. ‘वाचताना कोणत्या वाक्याशी अडखळलात?’ असं विचारा. त्याला सर बोट ठेवून उत्तर देऊ शकतात.