रेट्रोग्रेड सिग्नलिंग : 'प्रतिगामी' की 'केंद्रकगामी'?

प्रश्न असा आहे : यकृताच्या कर्करोगपेशींवरील मजकूर मराठीत आणताना 'मायटोकॉन्ड्रियल रेट्रोग्रेड सिग्नलिंग'ला 'प्रतिगामी संकेत' म्हणावे का, आणि 'डिसफंक्शन'ला 'निष्क्रियता' चालेल का?

व्युत्पत्तीने पाहिले तर 'प्रतिगामी'त खोट नाही. लॅटिनमध्ये 'रेट्रो' म्हणजे मागे आणि 'ग्रादी' म्हणजे चालणे. पण मराठीत हा शब्द दिसला की शेजारी 'पुरोगामी' आपसूक येऊन उभा राहतो. 'वक्री' घ्यावा तर तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) कोणत्या राशीत, असे कोणीतरी विचारणार. 'उलटसंकेत' म्हटले की संकेताचा अर्थच उलटा वाटतो.

मुळात उलट म्हणजे कशाच्या उलट? मानवी तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए १६,५६९ बेसजोड्यांचा. त्यात जनुके ३७, आणि प्रथिने बनवणारी त्यांतली फक्त १३. तिला लागणारी बाकीची हजारभर प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून बनून येतात. ही वाहतूक सुलट धरली, म्हणून तंतुकणिकेकडून केंद्रकाकडे जे जाते ते उलट. अर्थ दिशेचाच असेल तर मुक्कामाचे नाव शब्दातच घालावे : 'केंद्रकगामी संकेत'. ऊर्ध्वगामी, अधोगामी यांच्या पंक्तीत तो सहज बसतो, आणि अँटेरोग्रेडसाठी, म्हणजे त्या सुलट दिशेसाठी, 'तंतुकणिकागामी' हा जोडीदारही मिळतो.

'संकेत' मात्र जपून वापरावा. इथे कोणी कोणाला निरोप धाडत नाही. तंतुकणिकेतली ऊर्जा बनवणारी श्वसनसाखळी अडखळली की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढू शकतात, पेशीद्रवातले कॅल्शियम चढू शकते. सक्सिनेट हा श्वसनातला मधला पदार्थ साठला तर एचआयएफ-१ आल्फा या प्रथिनावर खूण करणारी विकरे अडतात. खूण नाही म्हणून ते प्रथिन मोडीत निघत नाही, केंद्रकात शिरते आणि ग्लुकोज-विघटनाची जनुके जोरात चालवते. यकृताच्या कर्करोगपेशींत कॅल्शियमच्या वाटेने एनयूपीआर१ हा नियामक वाढतो आणि पेशींची आसपासच्या ऊतीत घुसण्याची ताकद वाढते, असेही २०१५ साली दाखवले गेले. केंद्रकाच्या लेखी हा संकेत, तंतुकणिकेच्या लेखी बहुतेकदा नुसती गळती. त्यामुळे 'तंतुकणिका केंद्रकाला आदेश देते' असे लिहू नये.

'निष्क्रियता' तर नकोच. गाठीच्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोजचे लॅक्टेट करतात हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी दाखवले आणि श्वसनच बिघडले असावे असे मानले. पण बऱ्याच कर्करोगपेशींतल्या तंतुकणिका श्वसन करत असतात, वाढीसाठी कच्चा मालही पुरवतात. 'बिघाड'मध्ये ही अर्धवट अवस्था मावते. 'निष्क्रियता' आणि 'निकामी' तिला पुसून टाकतात.

'जीन रेग्युलेशन'ला 'नियमन' लिहावे, 'नियंत्रण' नव्हे. मराठीत नियंत्रण 'आणतात' ते आवर घालण्यासाठी. नियमनात जनुकाचे काम वाढणेही आले, घटणेही आले. 'तंतुकणिकीय जनुकनियमन' हा समास तर दोन्हीकडून वाचता येतो : जनुके तंतुकणिकेतली, की नियमन तंतुकणिकेमुळे? फोडूनच लिहावे :

'तंतुकणिकांतील बिघाडातून निघणाऱ्या केंद्रकगामी संकेतांमुळे यकृताच्या कर्करोगपेशींत केंद्रकीय जनुकांचे नियमन बदलते.'

वाक्य लांब वाटले तर दोन करा, पण 'केंद्रकीय' गाळू नका. तो गेला की वाचक त्या ३७ जनुकांकडे वळतो.