मुलाच्या बीएमएक्सची सीट इतकी खाली आणि टोक वर का? दुकानदार सरळ करून देतो म्हणतोय, करून घेऊ का?

नका करून घेऊ. निदान आधी मुलाला विचारा, तो या सायकलवर काय करणार आहे.

तुम्ही लिहिलंय की १५ वर्षांच्या मुलाने जुनी २० इंची बीएमएक्स (रेस, उड्या आणि करामतींसाठीची छोटी सायकल) घेतली, सीट जवळजवळ फ्रेमला टेकलीय, टोक वर उचललेलं आहे, तो कुणाला हात लावू देत नाही आणि क्लासलाही त्याला हिच्यावरच जायचंय. दुकानदाराचंही मी समजू शकतो. त्याच्याकडे येणारी प्रत्येक सायकल बसून चालवायची असते, त्यामुळे सीट वर आणि सपाट हेच त्याच्या हाताला माहीत. बीएमएक्सवर मात्र बसणं जवळपास नसतंच.

ऑलिंपिकमधली बीएमएक्स रेस बघा. २००८ च्या बीजिंगपासून ती आहे. गेट पडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत सगळे उभ्यानेच पेडल मारतात. उंचवट्यावर सायकल झपकन वर येते आणि चालवणारा गुडघे दुमडून तिला अंगाखाली जागा करून देतो. तिथे सीट उंच असेल तर ती मागून ढोसते आणि माणूस हँडलवर जातो. म्हणून रेसवाले बारीक, हलकी सीट खाली ठेवतात, टोक फक्त जरासं वर.

स्ट्रीट आणि पार्कवाल्यांचं, म्हणजे रस्त्यावर किंवा स्केटपार्कमध्ये करामती करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना सीट लागते ती धरायला. बारस्पिनमध्ये हवेत असताना हँडल सोडून गर्रकन फिरवतात. तेवढा वेळ सायकल फक्त दोन गुडघ्यांत असते. टोक वर असलं की गुडघ्यांच्या चिमटीत ते नीट सापडतं, सपाट सीटवरून गुडघे घसरतात. टेलव्हिपला याच्या उलट हवं असतं: हँडल हातात, पाय हवेत आणि मागची अख्खी फ्रेम हँडलभोवती फिरून येते. सीट उंच असेल तर ती पायातच अडकते. म्हणजे एका करामतीला सीट वर हवी, दुसरीला खाली. खाली ठेवून टोक उचलायचं, हा या दोघांतला तोडगा आहे. मुलाने फॅशन म्हणून केलं असेल तरी त्यामागे कारण आहे. फॅशनही आहेच, नाही म्हणत नाही. मध्यंतरी सीट इतक्या खाली आणि इतक्या उभ्या असायच्या की बघून हसू यावं. नंतर थोड्या उंच, जाड गादीच्या सीट परत आल्या.

किती अंश, ते मोबाईलवर मोजत बसू नका. सीटचा वरचा भाग मुळात वाकडा असतो, आकडा फसवा येतो. त्यापेक्षा मागचं चाक तुम्ही धरा, मुलाला पेडलवर उभं करा, दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे किंचित वाकवलेले. आता त्याला गुडघे आत दाबायला सांगा. सीटचा पुढचा भाग गुडघ्याच्या आतल्या बाजूला लागला तर झालं काम. पोटरीतच राहत असेल तर दोन बोटं वर घ्या. टोक अगदी आकाशाकडे असेल तर मात्र खाली आणायलाच लावा. पेडलवरून पाय निसटला की ते कुठे बसेल हे मुलाच्या बापाला किंवा आईला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट सीट हलवल्यावर हमखास बघायची. टोक वर केलं की शेपूट खाली जातं आणि खाली असतो मागचा टायर. चाक फ्रेममध्ये पुढे ओढून बसवलेलं असेल तर अंतर आणखी कमी. टायर आणि सीटमध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. मागे ब्रेक असेल तर त्याच्या केबलवरही सीट बसत नाही ना, ते बघा.

कोन बदलायची रीत सीटवर अवलंबून. सीटच्या वरच्या बाजूला भोक असून आत बोल्ट दिसत असेल तर ती पिव्होटल. कॅनडाच्या मॅकनील कंपनीने काढलेली ही पद्धत आता सगळीकडे दिसते. सीटच्या पोटात आणि पोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या डोक्यावर दाते असतात. ॲलन कीने बोल्ट सैल करा, सीट किंचित उचलून दाते सोडवा, एक दाता फिरवा, परत बसवा. दोन दात्यांच्या मधला कोन मिळत नाही. तो मिळवायला अर्धवट बसलेल्या दात्यांवर बोल्ट आवळला तर दाते झिजतात आणि मग सीट कधीच स्थिर राहत नाही. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. खाली दोन तारा असलेली जुनी सीट असेल तर दोन्ही बाजूंचे नट पान्याने थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. स्वस्त सायकलींत हीच पकड उडी मारल्यावर घसरते आणि कोन आपोआप बदलतो.

पोस्ट कापायची वेळ आली तर कापता येते. बहुतेक बीएमएक्सला २५.४ मिमी जाडीची पोस्ट बसते. हॅकसॉने कापा, कानशीने कड घासा, पण किमान किती आत राहायला हवी तेवढी लांबी सोडून. वर घेतानाही तेच: पोस्टवरची किमान लांबीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर पोस्ट वाकते किंवा फ्रेमच फाटते.

राहिलं क्लासला जाण्यायेण्याचं. रोज दोन-चार किलोमीटर बसून जायचं असेल तर इतक्या खाली सीटवर गुडघे दुखणारच आणि पोस्ट खुणेपर्यंत वर घेतली तरी २० इंची फ्रेमवर त्याच्या उंचीला ती पुरणार नाही. त्यासाठी घरातली दुसरी सायकल द्या, नसेल तर लांब पोस्ट वेगळी घेऊन ठेवा. दोन्ही पोस्टला सीट बसवलेली असेल तर फ्रेममध्ये पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पचा एकच बोल्ट सोडून अदलाबदल होते.