मुलाला शाळेतून काढून घरी शिकवले तर कायदा आड येतो का?

आपला मुलगा तिसरीत आहे, शाळेला तो कंटाळला आहे आणि आपणही, त्यामुळे त्याला घरीच शिकवावे असा विचार आहे. ते कायद्यात बसते का आणि कोणी नोटीस पाठवलीच तर काय करावे, असा आपला प्रश्न आहे. कायद्यापुरते उत्तर थोडक्यात देतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद सांगणारे कलम त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला त्यात नाव घेऊन परवानगी नाही आणि नाव घेऊन मनाईही नाही. म्हणजे आपण गुन्हेगार ठरत नाही, पण सरकारी कागदावर आपला मुलगा 'शाळाबाह्य' ठरतो. या एका शब्दावरून आमच्या घरात दहा वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार, याची आधीच क्षमा मागतो.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात माझे दोन लेथचे छोटे वर्कशॉप आहे. २०१३ च्या पावसाळ्यात माझी मुलगी एका खाजगी शाळेत दुसरीत होती. सात वीसला फाटक बंद होई, नंतर येणाऱ्या मुलांनी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहायचे, डायरीत लाल शेरा घ्यायचा आणि असे तीन शेरे झाले की एक गैरहजेरी, असा त्या शाळेचा नियम होता. तिला सोडायला मी जात असे आणि उशीर दर वेळी माझ्यामुळेच होई, कारण वर्कशॉपमधून घरी यायलाच मला मध्यरात्र उलटे. मी मुख्याध्यापिकांना भेटून सांगितले की उशीर माझा आहे, दंड मला करा, हवे तर मला फाटकाबाहेर उभे करा. नियमावली विद्यार्थ्यांसाठी असून पालकांबाबत तिच्यात तरतूद नाही, असे उत्तर मला मिळाले. त्यानंतर एका रात्री घरी आलो तेव्हा मुलगी गणवेश आणि पायमोजे घालूनच झोपलेली होती आणि दप्तर उशाशी होते. सकाळी कपडे घालण्यात वेळ जाऊ नये, म्हणून ती आठवडाभर तशीच झोपत असल्याचे पत्नीने सांगितले. त्याच महिन्यात आम्ही शाळेतून तिचा दाखला काढला.

आमचे वडील, आण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बापाला गजर लावता येत नाही म्हणून पोरगी गणवेशात झोपतीय. शाळा सोडण्यापेक्षा घड्याळ घे." या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही, आणि बहुधा म्हणूनच मी ते विसरलेलो नाही.

आण्णांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या वडिलांचे बालपण कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यात गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आमच्या पणजोबांनी त्या रुपयाच्या धाकाने गुराखी पोराला शाळेत नेऊन बसवले, तो पोरगा लिहायला शिकला आणि त्याचा मुलगा पुढे मास्तर झाला, अशी आमच्या घराण्याची कथा आण्णा प्रत्येक भांडणात सांगतात. सक्ती नको म्हणणाऱ्याने आपण कोणाच्या सक्तीमुळे वाचायला शिकलो ते आधी पाहावे, असा त्यांचा सरळ मुद्दा असतो. स्वतः नोकरीत असताना ते ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, फिरून मुले गोळा करत आणि त्यांना वर्गात बसवत. अशा माणसाच्या नातीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसणे, ही त्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती.

४ जुलै २०१५ रोजी, शनिवारी, राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. आमच्या दारीही एक शिक्षिका यादी घेऊन आल्या. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीची मापे घेऊन नुकतीच वर आली होती. लांबी तीन मीटर, रुंदी दोन, खोली दीड, म्हणजे नऊ हजार लिटर, आणि सहा बिऱ्हाडांना ते किती दिवस पुरेल, असा हिशेब तिच्या वहीत चालू होता. बाईंनी वही पाहिली, उत्तर बरोबर असल्याचे सांगितले, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग विचारले, "शाळा कुठली?" मी दहा मिनिटे समजावून सांगत राहिलो. शाळेत न जाण्याचे जे कारण त्यांना लिहायचे होते, त्यात आमचे कारण काही केल्या बसेना. त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या होत्या. आतल्या खोलीत आण्णा पेपर वाचत होते. ते बाहेर आले, बाईंना पाणी दिले आणि म्हणाले, "शाळाबाह्य लिहा बाई. नियमात आहे ते लिहायचं." बाईंनी मुलीच्या बोटाला मतदानाला लावतात तशी शाई लावली. सहा वर्षांच्या धाकट्यालाही लावली आणि त्याला त्याचे फार अप्रूप वाटले. मुलीने मात्र मला विचारले की कोपीवरच्या ज्या मुलांबद्दल आजोबा सांगतात, त्यांच्यात ती आता मोजली जाणार का. त्या प्रश्नाचा राग मी त्या दिवशी आण्णांवर काढला आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आण्णा बाजारातून एक जाड रजिस्टर घेऊन आले. त्यांनी त्यात पट्टीने रकाने आखले: दिनांक, विषय, काय शिकवले, मुलाला काय आले, सही. ते म्हणाले, "मोकळीक पाहिजे ना तुला? मग रोज सही कर. आणि ज्या दिवशी काही झालं नाही, त्या दिवशी निरंक लिहायचं. खोटं लिहायचं नाही." कार्यालयात काम केलेल्या कोणालाही 'निरंक' या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या महिन्यात माझ्या हातून अकरा वेळा निरंक लिहिले गेले. त्याआधीची दोन वर्षे आपण मुलीला मुक्तपणे वाढू देत आहोत, असे मी पाहुण्यारावळ्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो. रजिस्टर भरू लागलो तेव्हा दिसले की गणितात ती पुढे आहे, कारण गणित मला आवडते, आणि लेखनात मागे आहे, कारण शुद्धलेखन तपासायचा मला कंटाळा येतो. हिंदीचा रकाना तर तीन महिने कोराच होता. घरी शिकवतो असे सांगणाऱ्या बहुतेक बापांप्रमाणे मीही प्रत्यक्षात कमीच शिकवले. भार पत्नीने उचलला, आणि हे लांबलचक उत्तर मात्र मी लिहीत बसलो आहे.

सर्वेक्षणानंतर काही आठवड्यांनी जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक मुलांना दाखल करून घ्यायला आले. आम्ही रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चार पाने चाळली, निरंकवर बोट ठेवून हसले आणि म्हणाले की इतके खरे रजिस्टर त्यांच्याकडेही नसते. पुढे आम्हाला लेखी नोटीस कधी आली नाही. आपल्याला आलीच, तर उद्धटपणा न करता लेखी उत्तर द्यावे, मुलाचा जन्मदाखला आणि असे रजिस्टर सोबत दाखवावे आणि पोचपावती घ्यावी. तोंडी वाद घालू नये, कारण समोरचा कर्मचारी कायदा करत नाही, तो आकडा वर पाठवतो.

आता माझे मत. नियमाने जबाबदारी येते, हे आण्णांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. फाटक सात वीसला बंद करणाऱ्या शाळेने नियम काटेकोर पाळला, पण पावसात उभ्या असलेल्या मुलीची जबाबदारी कोणीच घेतली नाही, कारण नियम पाळला की काम संपते असे तिथे सर्वांनी गृहीत धरले होते. आमच्या टाकीचा हिशेब बरोबर असूनही आमची मुलगी शाळाबाह्य आणि वर्गात बसूनही धड वाचता न येणारे मूल शाळेतले, ही मोजणी मला मान्य नाही. पण याच तोंडाने हेही सांगतो की घरी शिकवणाऱ्यांच्या गोटात 'आमच्यावर कोणाचेच बंधन नको' म्हणणारे जे भेटतात, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी महिनाभर रजिस्टर ठेवले तर ते निरंकने भरेल. मुलाच्या हाती मोबाईलवरचे शैक्षणिक व्हिडिओ देऊन दोघांनीही कामावर जायचे असेल, तर कृपा करून त्याला शाळेतच राहू द्यावे. शाळेत त्याला निदान मित्र तरी मिळतील.

परीक्षांचे म्हणाल तर मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी प्रवेश घेता येतो. विषय पाच घ्यावे लागतात, माध्यम मराठी ठेवता येते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे टप्पेही आहेत. आमच्या मुलीने एप्रिल २०२२ मध्ये दहावी आणि २०२४ मध्ये बारावी याच संस्थेतून केली. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल, तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. पदवीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र एका महाविद्यालयातल्या लिपिकाने शाळा सोडल्याचा दाखला आणल्याशिवाय अर्ज घेणारच नाही, असे सांगितले. संस्थेचे स्थलांतर प्रमाणपत्र त्याच कामासाठी असते, हे पटवायला तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला आण्णा सोबत आले आणि त्यांनी नियमाचा कागद लिपिकाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा काम पाच मिनिटांत झाले. घरी येताना रिक्षात त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

धाकट्याची गोष्ट वेगळी झाली. तेराव्या वर्षी, २०२२ साली, तो स्वतःच म्हणाला की त्याला कबड्डीच्या संघात खेळायचे आहे आणि त्यासाठी शाळेत जायचे आहे. मला ते लागले, हे कबूल करतो. ज्या कायद्याला मी इतकी वर्षे नावे ठेवली, त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे त्याला वयानुसार थेट आठवीत प्रवेश मिळाला, आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला त्याच कायद्याने बंदी असल्यामुळे कोणी त्याला प्रश्नपत्रिकाही दिली नाही. प्रवेश घ्यायला मी गेलो नाही, आण्णा गेले. अर्जात यापूर्वीच्या शाळेचे नाव विचारले होते. तिथे त्यांनी काय लिहिले ते मी नंतर झेरॉक्सवर वाचले. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, निरंक.

राहिलेल्या काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. शेजारची आठ-दहा मुले आपल्या मुलासोबत घरी बसवून शिकवण्याच्या फंदात पडू नये. पालकाला दंड नसला तरी मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत आणि नंतर दर दिवशी दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि आपण शाळा चालवत नव्हता हे सिद्ध करत बसावे लागेल. आपला मुलगा याच कायद्याने खाजगी शाळेत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्क्यांच्या राखीव जागेवर शिकत असेल, तर ती जागा सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नवोदयची प्रवेशपरीक्षा मनात असेल, तर तिच्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे लागते. तिसरीतून दाखला काढाल तेव्हा त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि जात आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी अक्षर न अक्षर जुळते का, ते खिडकीपाशीच तपासून घ्यावे, कारण पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात आणि तेव्हा शाळेत दुरुस्ती करून द्यायला कोणाला सवड नसते. त्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स काढाव्यात, मूळ प्रत कोणाकडे ठेवून येऊ नये आणि ती लॅमिनेट करू नये. आम्ही केली होती.