इराणी आग्रह

प्रश्न : इस्फहानमध्ये टॅक्सीवाल्याने भाड्याचे पैसे घ्यायला नकार दिला, तर एका अनोळखी कुटुंबाने जेवायला बोलावले. दोन्ही खरे मानावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : भाडे अवश्य द्यावे. ‘गाबेल नदारे’, म्हणजे ‘तुमच्यापुढे याची काय किंमत’, हे ‘तआरोफ’ नावाच्या इराणी शिष्टाचारातील (आपल्या ‘तारीफ’चे हे भावंडच) ठरलेले बोलणे असून, दोन-तीनदा आग्रह केल्यावर पैसे घेतले जातात. जेवणालाही आधी नकोच म्हणावे. परंतु यजमानाने वेळ आणि पत्ता सांगून पुन्हा गळ घातली, तर आमंत्रण मनापासूनचे समजून निःसंकोच जावे. जाताना मिठाई न्यावी, दारात चपला काढाव्यात आणि चहा आला की साखरेचा खडा दातांत धरून घोट घ्यावा. बशीतून चहा फुरकणाऱ्यांना ते फार परके वाटणार नाही.