वेकली खासदार झाला, पण कधी?

प्रश्न: मुलगा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणतो, इंटर्नशिप संपली की डॉक्टरकी बंद, राजकारणात उतरणार. टॉमस वेकली नावाच्या जुन्या इंग्रज सर्जनचं उदाहरण देतो. शेती करून शिकवलंय त्याला. तुम्हीच समजावा. – एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर: नमस्कार. मुलाने माणूस चांगला निवडलाय, फक्त त्याची गोष्ट शेवटाकडून वाचलीय.

वेकली १८१७ साली सर्जन झाला. लंडनमध्ये घर, प्रॅक्टिस सगळं जमत होतं. १८२० मध्ये एका रात्री गुंडांनी त्याला मारलं, घर पेटवलं. वर विमा कंपनी म्हणाली, आग यानेच लावली! कोर्टात लढून त्याने पैसे मिळवले, पण विस्कटलेली घडी काही पहिल्यासारखी बसली नाही. मग १८२३ मध्ये त्याने 'द लॅन्सेट' हे साप्ताहिक काढलं. मोठ्या इस्पितळांतली वशिलेबाजी, बिघडलेली ऑपरेशनं, सगळं छापायचा. एका नामवंत सर्जनच्या पुतण्याने काही मिनिटांचं मुतखड्याचं ऑपरेशन तासभर लांबवलं, रुग्ण दगावला. ते छापल्यावर दोन हजार पौंडांचा दावा लागला. वेकली हरला, पण भरपाई ठरली फक्त शंभर पौंड.

खासदार झाला तो १८३५ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात. तोवर लॅन्सेटला अकरा वर्षं उलटली होती. शिवाय ब्रिटनमध्ये खासदारांना पगार सुरू झाला १९११ मध्ये, म्हणजे वेकलीला संसदेतून दमडी मिळत नव्हती. चूल कशावर पेटणार, हे मुलाला स्पष्ट विचारा. उत्तर नसेल तर निवडणुकीचा विषय तिथेच थांबवा.

१८३९ मध्ये तो कॉरोनरही झाला. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी. मुंबईतही पूर्वी असायचा. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या छावणीत फ्रेडरिक व्हाइट या शिपायाला दीडशे फटके मारले आणि महिन्याभरात तो गेला. लष्करी डॉक्टरांचं म्हणणं, फटक्यांचा संबंध नाही. पण त्यांनी पाठीचा कणा तपासलाच नव्हता. वेकलीने इरॅस्मस विल्सन या सर्जनकडून ती तपासणी करवली. कण्यालगतच्या स्नायूंत, आत खोलवर, इजा सापडली. मरण फटक्यांनीच आलं, असा ज्यूरीने निकाल दिला आणि त्याच वर्षी लष्करात फटक्यांची मर्यादा पन्नासवर आली. सभा गाजवणारे तेव्हाही ढीगभर होते. प्रेत कुठे उघडायचं हे कळणारा त्यांच्यात एखादाच.

म्हणून माझं मत: डॉक्टरकी सोडू नये आणि राजकारणाला तुम्ही नाही म्हणू नये. तो सरकारी कॉलेजात असेल तर बंधपत्राचं एक वर्ष आहेच. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मनापासून करू दे. सर्पदंशाचं इंजेक्शन कोणत्या महिन्यात संपतं, बाळंतीण पुढे का पाठवावी लागते, रुग्णवाहिका किती वाजता बोलावली आणि किती वाजता आली, हे रोज वहीत तारखेनिशी लिहायचं. मात्र सरकारी सेवेत असताना पक्षाचं काम चालत नाही, हे त्याला बजावून ठेवा. उत्साही पोरं इथेच अडकतात. पुढे तालुक्याला दवाखाना टाकावा. जिल्हा परिषदेला वयाची अट २१ वर्षांची आहे, विधानसभेला २५ ची. तेव्हा घाई नाही. नेत्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फिरण्यात दोन-चार वर्षं घालवलेले डॉक्टर माझ्याकडे येतात, परत पीजीची पुस्तकं उघडताना त्यांचे हाल बघवत नाहीत.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून एक सांगते. खासदार झाल्यावर वेकली संसदेत उभा राहिला तो टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांसाठी. मजुरी कापली जात होती, त्यांनी संघटना बांधली, म्हणून त्यांना थेट ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं होतं. मुलाला हे ठाऊक आहे का, आज जेवताना विचारा.